खिळ्यावरची किल्ली

आमच्या लहानपणी घरात कोठीची एक खोली होती आणि तिच्या कुलपाची किल्ली स्वयंपाकघराच्या दाराआड खिळ्याला टांगलेली असे. आजी म्हणे, "घरच्या माणसांपासून काय लपवायचे आहे?" किल्ली सर्वांची होती. दिवाळीच्या आधी चार दिवस लाडवांचे डबे त्या खोलीत जात आणि लक्ष्मीपूजन उजाडेपर्यंत निम्मे लाडू नाहीसे होत. कोणी खाल्ले म्हणून विचारले की आम्ही सात भावंडे एकदम आढ्याकडे पाहत असू. इथवर गोष्ट गोड आहे. पण एका वर्षी त्या डब्यांच्या मागे ठेवलेली चांदीची वाटी गेली. तेव्हाही सर्वांनी आढ्याकडेच पाहिले. काका, मामा, आत्या, त्यांचे यजमान, दोन पाहुणे, आम्ही मुले, सगळ्यांचा हात त्या खिळ्यापर्यंत पोचत होता. तरी संध्याकाळ व्हायच्या आत निकाल लागला. भांडी घासायला येणाऱ्या बाईला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगण्यात आले. तिने वाटी घेतली हे कोणी पाहिले नव्हते. तिने घेतली नाही हेही कोणी पाहिले नव्हते. एवढे तिला घालवायला पुरेसे झाले. वाटी पुढे कधीही सापडली नाही, आणि आजीने दुसऱ्या दिवशी किल्ली पुन्हा त्याच खिळ्याला अडकवली.

ही वाटी मला सत्तरीत आठवते आहे ती संगणकामुळे. चकलीचा तुकडा मोडता मोडता वाचायच्या पानांवर संगणक कशाला, असे कोणी म्हणेल. पण वाचकहो, तुमच्यापैकी बहुतेकांची आयुष्याची पुंजी आज तिजोरीत नसून कोणत्या तरी यंत्रात आकड्यांच्या रूपाने पडली आहे, आणि त्या यंत्राची किल्ली कोणत्या खिळ्याला टांगली आहे हे तुम्ही कधी विचारलेले नाही. मी एकतीस वर्षे बँकांची अंतर्गत हिशेबतपासणी केली. तो खिळा मी पाहिला आहे. म्हणून हे लिहितो आहे, आणि थोडे माझ्या पापाची कबुली म्हणूनही लिहितो आहे.

प्रत्येक मोठ्या संगणकात एक खाते असे असते की त्याला काहीही वर्ज्य नाही. काउंटरवरच्या कारकुनाचे खाते पैसे जमा करील, नावे टाकील, आणि तिथे थांबेल. अधिकाऱ्याचे खाते ते पसंत करील आणि थांबेल. पण या तिसऱ्या खात्याला थांबणे माहीत नाही. ते कोणाचीही शिल्लक बदलू शकते, कोणालाही आत घेऊ शकते, बाहेर काढू शकते, आणि मुख्य म्हणजे आपण काय केले याची नोंदही पुसू शकते. कुठे त्याला 'रूट' म्हणतात, कुठे 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर'. आमच्याकडे सगळे त्याला नुसते 'अ‍ॅडमिन' म्हणत, जसे घरच्या गड्याला हाक मारावी तसे. आता असे सर्वशक्तिमान खाते असणे भागच आहे, कारण यंत्र बिघडले तर दुरुस्तीला कोणाला तरी पूर्ण मोकळीक लागते. माझी तक्रार त्या खात्याबद्दल नाही. माझी तक्रार अशी की हे एक खाते पाच-पाच, आठ-आठ माणसे एकाच नावाने आणि एकाच परवलीच्या शब्दाने वापरतात, आणि यात कोणाला काही वावगे वाटत नाही. तो परवलीचा शब्द मी ड्रॉवरच्या आतल्या बाजूला चिकटवलेला पाहिला आहे, पंख्याच्या बटणाशेजारी पेन्सिलीने लिहिलेला पाहिला आहे, आणि अलीकडे मोबाइलवरच्या गटात, सुप्रभातच्या फुलांच्या खाली, पाठवलेलाही पाहिला आहे. शब्द कोणता? बहुधा संस्थेचे नाव आणि पुढे एक, दोन, तीन.

ज्या बँकेत रोख रकमेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात, एक रोखपालाकडे आणि एक व्यवस्थापकाकडे, आणि दोघे समोरासमोर उभे राहिल्याशिवाय शंभराची एक नोटही बाहेर येत नाही, त्याच बँकेत हे चालते. तिजोरीत दिवसाअखेर काही लाख असतात. यंत्रात सगळी बँक असते.

आता माझी गोष्ट. २००८ साली मी एका सहकारी बँकेत तपासणीचे काम पाहत होतो. नाव सांगत नाही, कारण अशा बँका एक नाहीत. मार्चअखेरची तपासणी करताना एका बड्या कर्जखात्यात मला चमत्कारिक गोष्ट आढळली. हप्ते महिनोन्‌महिने थकलेले, पण खात्यावरची तारीख अशी बदललेली की ते कर्ज थकीत दिसूच नये. कर्जदार संचालकांच्या घरोब्यातला होता. बदल कोणी केला म्हणून मी यंत्राची नोंद काढायला लावली. नोंद स्वच्छ होती: शनिवार, सायंकाळी सहा वाजून दहा मिनिटे, वापरणारा 'अ‍ॅडमिन'.

मी विचारले, "हे अ‍ॅडमिन म्हणजे कोण?"

संगणक खात्यात तेव्हा चौघे होते. चौघांनाही शब्द माहीत होता. ज्या कंपनीने यंत्रणा पुरवली तिच्या इंजिनियरला माहीत होता, आणि तो पुण्याहून फोनच्या तारेवरून आत शिरू शकत होता. खातेप्रमुखाला माहीत होता. खातेप्रमुख रजेवर असला तर अडचण नको म्हणून सरव्यवस्थापकांनाही माहीत होता. सोडून गेलेल्या दोघांनाही माहीत होता, कारण त्यांच्यामागे तो बदललाच नव्हता. म्हणजे नऊ माणसे आणि एक नाव. नऊ जणांनी आढ्याकडे पाहिले.

चौघांत सर्वांत लहान होता तो एक हंगामी मुलगा. वडील छापखान्यात खिळे जुळवणारे, मुलगा डिप्लोमा करून नुकताच लागलेला. शनिवारी त्याची पाळी होती. आपण दोनला घरी गेलो असे तो सांगत होता. पण हजेरीपटावर जाण्याची वेळ लिहायची पद्धत नव्हती. मी अहवालात एक वाक्य लिहिले, ते मला आजही पाठ आहे: 'सदर दिवशी उक्त खाते वापरण्याची मुभा असलेल्यांपैकी उपरोल्लेखित कर्मचारी कामावर उपस्थित होता.' यात एकही शब्द खोटा नाही. त्याने केले असे मी म्हटले नाही. ते म्हणण्याचे काम मी वाचणाऱ्यांवर सोपवले, आणि त्यांनी ते तत्परतेने केले. पंधरा दिवसांत मुलाची नेमणूक संपली. कर्जदाराचे काहीही झाले नाही.

जाण्यापूर्वी तो माझ्या टेबलाशी आला. रडला नाही, आवाजही चढवला नाही. एवढेच म्हणाला, "साहेब, मी केलं नाही हे मी सिद्ध कसं करू, तेवढं सांगा."

माझ्याजवळ उत्तर नव्हते. उत्तर असूच शकत नव्हते. ज्या नोंदीने तो सुटला असता ती नोंद आमच्या व्यवस्थेने ठेवलीच नव्हती. त्या सहा वाजून दहा मिनिटांच्या पुढे माणसाचे नाव असते तर एक तर तो दोषी ठरला असता, नाही तर इतर सात जणांसह मोकळा झाला असता. नाव नसल्यामुळे तो दोन्ही झाला नाही, नुसता गेला. आमची भांडीवाली गेली तशी.

पुढे मी या प्रश्नावर जिथे जिथे बोललो तिथे पहिले उत्तर नेहमी एकच मिळाले: "आमची माणसं विश्वासाची आहेत हो. प्रत्येकाला वेगळे खाते, वेगळी नोंद, म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवल्यासारखे होईल." हे उत्तर इतके सभ्य आहे की त्याच्यापुढे बोलणे उद्धटपणाचे वाटते. पण ते मुळातच उफराटे आहे. नोंदीची भीती कोणाला? ज्याने सहा वाजून दहा मिनिटांनी काही केले त्याला. जो दोन वाजता घरी गेला त्याला नोंद हवीच आहे, तोच तिच्यासाठी हात जोडून उभा आहे. सामायिक खाते हे विश्वासाचे लक्षण म्हणून मिरवले जाते. प्रत्यक्षात ते सर्वांत वरच्या माणसाला आडोसा देते आणि सर्वांत खालच्याला उघड्यावर ठेवते. नऊ जणांच्या संशयात सरव्यवस्थापक आणि हंगामी मुलगा सारखे भागीदार असतात, पण शिक्षेची वेळ आली की ती भागीदारी मोडते.

आपल्या पूर्वजांना हे कळत होते. मराठी कारभारातल्या पत्राला माथ्यावर शिक्का आणि शेवटी मोर्तब असे. मोर्तब शेवटी अशासाठी की मजकूर इथे संपला, याखाली कोणी ओळ घुसडू नये. शिवछत्रपतींच्या मोर्तबावर 'मर्यादेयं विराजते' अशी अक्षरे होती ती काही शोभेची नव्हेत. 'शिक्कामोर्तब' हा शब्द आपण आज साखरपुड्यालाही वापरतो. त्याचा मूळ हेतू लबाडीला वाव न ठेवणे हा होता. आणि जिथे तो हेतू चुकला तिथे काय झाले तेही आपल्या इतिहासाला ठाऊक आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. 'धरावे' असा हुकूम होता आणि कोणी तरी 'ध' चा 'मा' करून तो 'मारावे' केला, अशी आख्यायिका प्रसिद्ध आहे. रामशास्त्र्यांनी राघोबांना दोषी ठरवले हा इतिहास आहे. पण ते अक्षर कोणी बदलले? कागद नाही, नोंद नाही. तरी अडीचशे वर्षे महाराष्ट्रातले शेंबडे पोरही छातीठोक सांगते की आनंदीबाईने. वाड्यात किती हात त्या लेखणीपर्यंत पोचत होते, हे कोणी विचारत नाही. मी आनंदीबाईचे वकीलपत्र घेतलेले नाही. एवढेच म्हणतो की ज्या दफ्तरात बदलाच्या शेजारी नाव राहत नाही तिथे नाव लोक बाहेरून आणून चिकटवतात.

दुसरे उत्तर जास्त चलाख असते. "यंत्र सगळे टिपून ठेवते. काळजी कशाला?" हल्ली तर कायद्याचाही आधार देतात. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना हिशेबाची अशीच प्रणाली वापरावी लागते की जिच्यात प्रत्येक बदलाचा माग राहील आणि तो माग बंद करता येणार नाही. त्याआधी २८ एप्रिल २०२२ रोजी केंद्र सरकारच्या 'सर्ट-इन' या संस्थेने संगणकांच्या नोंदी किमान १८० दिवस जपून ठेवण्याचा आदेश काढला. दोन्ही नियम चांगले आहेत, माझा त्यांना नमस्कार आहे. पण आमच्या २००८ च्या यंत्रानेही टिपून ठेवलेच होते की! 'अ‍ॅडमिन' असे टिपले होते. 'कोणी तरी केले' हे वाक्य १८० दिवस जपून ठेवले काय आणि १८० वर्षे ठेवले काय, ते 'कोणी तरी केले' एवढेच सांगणार.

आणि ही गोष्ट आपल्याकडच्या गबाळेपणाची आहे, विलायतेत असे होत नसेल, अशी समजूत असेल तर ती विलायतेतल्या टपालखात्याने पुसून टाकली आहे. ही हकीकत जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्या घरांत ती पुरेशी माहीत नाही.

१९९९ पासून इंग्लंडच्या पोस्ट ऑफिसने आपल्या गावोगावच्या शाखांत 'होरायझन' नावाची संगणकप्रणाली बसवली. ती फुजित्सू कंपनी चालवत असे. शाखा चालवणारे सब-पोस्टमास्तर हे बहुतेक साधे दुकानदार. एका बाजूला पाव-लोणी विकावे, दुसऱ्या बाजूला तिकिटे आणि पेन्शन. लवकरच त्यांच्या हिशेबांत तुटी दिसू लागल्या. यंत्र म्हणे इतके पौंड कमी आहेत. पोस्ट ऑफिस म्हणे, यंत्र चुकत नाही, म्हणजे तुम्ही खाल्ले, भरा. लोकांनी घरे गहाण टाकून भरले. ज्यांना भरता आले नाही ते कोर्टात उभे राहिले. १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक जण चोरीच्या, अफरातफरीच्या, खोट्या हिशेबाच्या आरोपांवर दोषी ठरले. त्यांत आपल्याकडून तिकडे गेलेल्या सीमा मिश्रा होत्या. सरे परगण्यातल्या वेस्ट बायफ्लीट येथील पोस्ट त्या चालवत. सुमारे ७४ हजार पौंड चोरल्याबद्दल नोव्हेंबर २०१० मध्ये त्यांना पंधरा महिन्यांची शिक्षा झाली. त्या गरोदर होत्या, आणि शिक्षा सुनावली तो त्यांच्या थोरल्या मुलाचा दहावा वाढदिवस होता. त्या वर्षीची दिवाळी होऊन आठवडाच झाला होता.

दोष यंत्रातल्या चुकांचा होता, हे पुढे उघड झाले. पण माझ्या विषयाशी ज्याचा संबंध आहे तो भाग वेगळाच. आरोपी विचारत होते, "आमच्या शाखेचे आकडे बाहेरून कोणी बदलू शकते का?" पोस्ट ऑफिस वर्षानुवर्षे सांगत राहिले, शक्य नाही. १६ डिसेंबर २०१९ रोजी न्यायमूर्ती फ्रेझर यांनी निकाल दिला, त्यात सत्य बाहेर पडले. फुजित्सूच्या कचेरीतली माणसे खास अधिकाराची खाती वापरून शाखेच्या हिशेबात सब-पोस्टमास्तरच्या नकळत हात घालू शकत होती. जुन्या होरायझनमध्ये तर असा व्यवहार घुसडता येई की तो खुद्द सब-पोस्टमास्तरनेच केला असे दिसावे. बरे, या खास माणसांनी आत जाऊन काय केले ते कुठे लिहिलेले होते? २००९ पासून जुलै २०१५ पर्यंतच्या नोंदीत खास अधिकाराचा माणूस आत केव्हा आला आणि बाहेर केव्हा गेला एवढेच आहे. आत काय केले, त्याबद्दल अवाक्षर नाही. या खास खात्यांवर पुरेसा लगाम नाही, असे पोस्ट ऑफिसच्या स्वतःच्या लेखापरीक्षकांनी २०११ सालीच लिहून दिले होते. त्या कागदाचे काय झाले असेल हे मला इंग्लंडला न जाता सांगता येईल. माझ्या कागदांचेही तेच होत असे.

आता हे चित्र नीट पाहा. दुकानदाराचे प्रत्येक तिकीट त्याच्या नावाने टिपलेले. ज्यांचा हात त्या सगळ्यांच्या वर, त्यांच्या हाताची मात्र धड नोंद नाही. आणि कोर्टात पुरावा कोणाचा चालला, तर यंत्राचा. हिशेब देण्याची जबाबदारी अधिकाराच्या प्रमाणात वाढावी, तर इथे ती अधिकार वाढेल तशी विरघळत गेली. सीमा मिश्रांची शिक्षा एप्रिल २०२१ मध्ये रद्द झाली, आणि २०२४ च्या मे महिन्यात पार्लमेंटने कायदाच करून उरलेल्यांपैकी शेकडो शिक्षा रद्द ठरवल्या. मधली वर्षे कोणी परत देऊ शकले नाही. काही जण तोवर हयातही नव्हते.

आपल्या मुंबईचीही एक हकीकत आहे. फोर्टमधल्या ब्रॅडी हाउस शाखेतून परदेशी बँकांना जाणारी हमीपत्रे. १४ फेब्रुवारी २०१८ रोजी पंजाब नॅशनल बँकेने हा घोटाळा शेअरबाजाराला कळवला तेव्हा आकडा सुमारे ११,४०० कोटींचा होता. 'स्विफ्ट' या आंतरराष्ट्रीय तारयंत्रणेवरून संदेश जात होते आणि बँकेच्या मुख्य हिशेबात त्यांची नोंदच होत नव्हती, कारण दोन यंत्रे एकमेकांना जोडलेली नव्हती. संदेश लिहिणारा एक आणि पडताळणारा दुसरा अशी योजना कागदावर होती. परवलीचे शब्द भलत्या हातांत गेले होते, असा आरोप तपासात झाला. खटल्याचे कोर्ट पाहील. पण 'दोन माणसांची सही' हा नियम आणि 'दोन्ही किल्ल्या एकाच्या खिशात' ही वहिवाट, या दोहोंतले अंतर मी एकतीस वर्षे रोज मोजले आहे.

तिसरे उत्तर मला पटते, म्हणून त्याला मान देऊन बोलतो. ते रात्रपाळीच्या माणसाचे असते. "साहेब, रात्री दोनला यंत्र बंद पडते. सकाळी दहाला दारात गिऱ्हाईक उभे राहते. त्या वेळी कोणाचे खाते, कोणाची परवानगी, हे शोधत बसू का?" बरोबर आहे. किल्ली एकाच माणसाच्या कमरेला असणे हाही उपाय नव्हे. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को शहरात २००८ साली टेरी चाइल्ड्स या तंत्रज्ञाने नगरपालिकेच्या जाळ्याचे परवलीचे शब्द वरिष्ठांना द्यायचे साफ नाकारले. तुरुंगात बसला, आणि अखेर महापौर स्वतः भेटायला गेले तेव्हा त्यांना दिले. इतर कोणी लायक नाही असे त्याचे म्हणणे. अशी आत्याबाई प्रत्येक घरात एक असते, तिच्या हाती कोठी देऊन चालत नाही.

पण यातून निघायची वाट जुनी आहे आणि फुकटही आहे. बफेलो येथील विद्यापीठात १९८० च्या सुमारास 'सुडू' नावाची एक सोय तयार झाली. तिची कल्पना अशी की प्रत्येकाने आपल्या स्वतःच्या नावाने यंत्रात शिरावे, आणि अधिकाराची गरज पडेल तेवढ्या कामापुरताच तो मागून घ्यावा. जणू खुंटीवरचा अधिकाऱ्याचा कोट घातला, काम केले, परत टांगला. यंत्र लिहून ठेवते की अमक्याने अमक्या वेळी कोट घातला आणि ही ही आज्ञा दिली. पंचेचाळीस वर्षांची सोय! अलीकडे याहून पुढची साधने निघाली आहेत. परवलीचा शब्द यंत्रच कडीकुलपात ठेवते, नावाची नोंद करून घेऊन तो देते, आणि काम झाले की आपणहून बदलून टाकते. ज्यांना तेही परवडत नाही त्यांच्यासाठी लाखेची मोहोर केलेले पाकीट आहे. रात्री दोनच्या संकटासाठी शब्द त्या पाकिटात, पाकीट तिजोरीत. ज्याने फोडले त्याने वहीत नाव, वेळ, कारण लिहावे, आणि सकाळी शब्द बदलावा. याला खर्च किती? लाखेची कांडी आणि एक वही.

फक्त दोन गोष्टींत तडजोड नको. नोंद अशा जागी जावी की जिथे अ‍ॅडमिनचा स्वतःचा हात पोचणार नाही. मांजराला दुधाचा हिशेब लिहायला बसवण्यात अर्थ नाही. आणि ती नोंद कोणी तरी वाचावी. मी शेवटच्या काही वर्षांत दर सोमवारी वाचत असे. कंटाळवाणे काम, शंभरातल्या नव्याण्णव ओळी निरुपद्रवी. पण वाचले जाते हे लोकांना कळले, आणि शनिवारी संध्याकाळी सहानंतरची वर्दळ आपोआप ओसरली. एकाही माणसावर मला बोट ठेवावे लागले नाही. उलट एक दिवस रात्रपाळीचा तंत्रज्ञच येऊन म्हणाला, "साहेब, परवा चुकून एक फाइल माझ्याकडून पुसली गेली. नोंदीत दिसेलच, म्हणून आधी सांगतो." सामायिक खात्याच्या दिवसांत ही चूक कोणी कबूल केली असती? कबूल करण्यासारखे 'मी' तिथे कोणी नव्हतेच.

हे सगळे मी घरी ऐकवले तेव्हा आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, आणि आपल्या कार्डाचा नंबर कॅलेंडरच्या मागे कोणी लिहून ठेवला आहे?" मी निरुत्तर झालो. तो मीच लिहिला होता. सून, मुलगा, नातू, पाणी सोडणारा आणि परवा रंगकामाला आलेले दोघे, सर्वांना तो वाचता येतो. उद्या शंभर-दोनशे रुपये कमी आले तर मी कोणाकडे पाहीन हे मला ठाऊक आहे, आणि ते ठाऊक असण्याची मला लाज वाटते. ते पान त्याच दिवशी फाडले.

त्या मुलाला मी पुढे एकदा भेटलो. एस.टी. स्टँडसमोर मोबाइल दुरुस्तीचे दुकान काढले आहे, बरे चालते. त्याने मला ओळखले, चहा मागवला. मी बोलायला सुरुवात केली तेव्हा म्हणाला, "जाऊ द्या साहेब, जुनी गोष्ट." त्याचे वडील आता नाहीत. ते अखेरपर्यंत त्याला विचारत राहिले होते, "खरं सांग, तू काही केलं नव्हतंस ना?" हे त्याने सहज, स्क्रू पिळता पिळता सांगितले.

गेली काही वर्षे मी एका सहकारी बँकेचा सभासद या नात्याने वार्षिक सर्वसाधारण सभेला जातो. आपणही जात असाल. चिवडा, चहा, 'मंजूर, मंजूर' आणि घरी. यंदा सप्टेंबरात मी उभा राहून विचारले, "आपल्या संगणकाचे सर्वाधिकाराचे खाते किती जण वापरतात, आणि त्या खात्यावरून गेल्या वर्षी कोणी काय केले हे नावानिशी सांगता येईल का?" अध्यक्ष हसले. म्हणाले, "सभासदांनी आमच्यावर विश्वास ठेवावा." टाळ्या झाल्या आणि पुढचा विषय निघाला. पुढल्या वर्षी हाच प्रश्न मी सभेआधी लेखी देणार आहे, आणि उत्तरही लेखी मागणार आहे. आपण ज्या बँकेचे, पतपेढीचे, गृहनिर्माण संस्थेचे सभासद असाल तिथे आपणही द्यावा. मजकूर वर दिलाच आहे, तो उतरवून घेण्यास माझी हरकत नाही.